४०३ मेगाहर्ट्झचा इम्प्लांट अँटेना: एस११ उत्तम, रेंज ४० सेंटिमीटर. सिग्नल जातो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. छातीवर, कातडीखाली बसवायचं तापमान मोजणारं उपकरण आहे आणि त्याचं खोकं २४ × १२ × ५ मिमीचं पीक (पीईईके) या कडक वैद्यकीय प्लास्टिकचं. आत बटण बॅटरी, सर्किट बोर्ड आणि १० × १० × १.२७ मिमीचा पिफा अँटेना, म्हणजे शॉर्टिंग पिन लावलेला पॅच. तो आरओ३०१० या सिरॅमिक मिसळलेल्या बोर्ड-मटेरियलच्या ०.६३५ मिमीच्या दोन थरांमध्ये आहे आणि त्याची पट्टी नागमोडी कोरली आहे. सिम्युलेशनमध्ये ४०३ मेगाहर्ट्झला एस११ (अँटेनापासून किती पॉवर परत फिरते त्याचं माप) उणे २८ डेसिबल दिसतो, बँडविड्थ ३० मेगाहर्ट्झ. प्रत्यक्ष नमुना कातडीसारख्या जेलमध्ये बुडवला की रेझोनन्स ४४० ला जातो आणि केबल हलवली की तोही जागा सोडतो. लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी डोंगलपर्यंत लिंक जेमतेम ४० सेंटिमीटर टिकते, हवी आहे २ मीटर. शेवटी तुम्ही विचारलंय की पट्टीचा कोणता आकार घेतला तर अँटेना ८ × ८ मध्ये बसेल आणि रेंजही मिळेल.

पट्टीचा आकार हा इथला मुख्य मुद्दाच नाही. चिपमधून निघालेली पॉवर शरीराबाहेर किती येते आणि बाकीची कुठे खपते, हा आहे. एस११ एवढंच सांगतो की पॉवर अँटेनात शिरली. पुढे ती हवेत गेली की कातडीत मुरली याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. ५० ओहमचा साधा रेझिस्टर व्हीएनएला, म्हणजे एस११ मोजणाऱ्या यंत्राला, लावलात तर त्याचाही एस११ झकास दिसेल. शिवाय उणे १० डेसिबलला १० टक्के पॉवर परत येते, म्हणजे नुकसान अर्ध्या डेसिबलहून कमी. उणे १० वरून उणे २८ वर आणण्यासाठी घातलेल्या मेहनतीची कमाई तेवढीच. रेंजमध्ये ती कुणाला दिसणार नाही.

बँडविड्थकडेही जरा संशयाने पाहा. छोट्या अँटेनाच्या क्यू-फॅक्टरची (क्यू जितका मोठा, तितकी बँडविड्थ अरुंद) खालची मर्यादा संशोधक चू यांनी १९४८ मध्ये मांडली. तुमचा १० × १० चा चौकोन ७ मिमी त्रिज्येच्या गोलात मावतो. ४०३ मेगाहर्ट्झची हवेतली तरंगलांबी ७४४ मिमी, त्यामुळे चू यांच्या सूत्रातला केए (२π गुणिले त्रिज्या, भागिले तरंगलांबी) साधारण ०.०६ येतो आणि क्यू ४८०० च्या घरात. अजिबात लॉस नसता तर हा अँटेना ३०० किलोहर्ट्झचा एक चॅनलसुद्धा नीट झेपवू शकला नसता. तुमच्या सिम्युलेशनमधली ३० मेगाहर्ट्झ बँडविड्थ मात्र क्यू ९ च्या आसपास असल्याचं सांगते. हा पाचशेपटीहून जास्त फरक टिश्यूंनी खाल्लेल्या पॉवरचा आहे, डेसिबलमध्ये सुमारे २७. तुलना ढोबळ आहे, कारण चू यांचं गणित हवेतलं आणि तुमचा अँटेना ओल्या मांसात आहे. तरी आकड्याचा आवाका बरोबर लागतो: या मापाच्या, कातडीखालच्या, ४०३ मेगाहर्ट्झच्या अँटेनाचा गेन (सगळीकडे सारखं पसरणाऱ्या आदर्श अँटेनाच्या तुलनेत बाहेर पडणारा जोर) उणे २५ ते उणे ३५ डीबीआय असतो. लेखांमध्ये 'वाइडबँड' म्हणून मिरवलेली बँडविड्थ पुष्कळदा अशीच आलेली असते.

आता लिंकचा हिशेब मांडू, म्हणजे गळती कुठे आहे ते कळेल. चिप उणे ३ डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबल) देते, म्हणजे अर्धा मिलीवॅट. अँटेनाचा गेन उणे ३२ धरा. शरीराबाहेर परिणामी उणे ३५ डीबीएम ईआयआरपी, म्हणजे बाहेर पसरणारी प्रभावी पॉवर, मिळते. या बँडची कायदेशीर मर्यादा २५ मायक्रोवॅट, म्हणजे उणे १६ डीबीएम आहे, त्यामुळे कायद्याच्या तुम्ही १९ डेसिबल खाली आहात. २ मीटर हवेतला पाथ लॉस ३०.६ डेसिबल. बाहेरच्या अँटेनाचे अधिक २, पोलरायझेशन न जुळल्याचे उणे ३, पेशंट कूस बदलतो आणि खोलीत भिंतींवरून परावर्तन होतं त्याचे उणे २०. रिसीव्हरपाशी उरतात उणे ८७ डीबीएम. ३०० किलोहर्ट्झचा थर्मल नॉइज उणे ११९, त्यात रिसीव्हरचा नॉइज फिगर ५ आणि लागणारा सिग्नल-नॉइज फरक १४ मिळवला की गरज उणे १०० ची. म्हणजे २ मीटरला १३ डेसिबल शिल्लक राहायला हवेत.

तुमच्याकडे शिल्लक नाहीच. २ मीटर आणि ४० सेंटिमीटर यांत पाचपट फरक आहे, तो १४ डेसिबलचा. गणित सांगतं १३ ची शिल्लक, हातात येते १४ ची तूट, म्हणजे एकूण २७ डेसिबल कुठेतरी गळताहेत. पट्टीची नागमोड बदलून २७ डेसिबल सापडणार नाहीत.

पहिला संशय साहजिकच ४४० ला सरकलेल्या रेझोनन्सवर जातो. पण क्यू ९ असलेला अँटेना ३७ मेगाहर्ट्झने सरकला तर ४०३ ला एस११ उणे ४ डेसिबलच्या आसपास राहतो. ६० टक्के पॉवर तरीही आत जातेच. नुकसान २ डेसिबल. एस११ चा आलेख बघून पोटात गोळा येतो, पण खरा चोर तो नव्हे.

बाहेरची बाजू बघा. डोंगलमधला दोन-तीन सेंटिमीटरचा स्प्रिंगसारखा अँटेना ४०० मेगाहर्ट्झला उणे ८ किंवा उणे १० डीबीआयच्या पुढे सहसा जात नाही, आपण हिशेबात अधिक २ धरले होते. तिथेच १० ते १२ गेले. लॅपटॉप स्वतः या बँडमध्ये आवाज करतो, विशेषतः यूएसबी-३ आणि डिस्प्लेच्या केबल, आणि रिसीव्हर त्याला चिकटून बसलाय. रिसीव्हरला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावून लॅपटॉप चालू आणि बंद अशी नॉइज फ्लोअर तपासा. ५ ते १० डेसिबलचा फरक दिसला तर चकित होऊ नका. बॅटरीवर चालणारा रिसीव्हर, त्यापासून २ मीटर कोअ‍ॅक्स, टोकाला १८६ मिमीची उभी पाव-तरंग काडी आणि तळाला तेवढ्याच लांबीच्या चार आडव्या काड्या, एवढं केलंत तर निम्म्याहून जास्त तूट इम्प्लांटला हात न लावता भरून निघेल. त्याच्याशी काटकोनात दुसरा अँटेना लावून दोघांतला जोरकस सिग्नल निवडला तर पेशंट कुशीवर वळल्यावर पडणारे खड्डेही बरेच बुजतात. शरीरातला एक डेसिबल मिळवायला महिने जातात, बाहेरचा एका दुपारी मिळतो. आधी बाहेरचं उरका.

उरलेली ८-१० डेसिबलची गळती खोक्यात आहे. ती तीन ठिकाणी शोधा.

सर्वांत आधी चिकटवलेला थर. ४०३ चा ४४० झाला याचा अर्थ अँटेनाभोवतीचा प्रभावी डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थ तरंगलांबी किती आखूड करतो त्याचा आकडा) सिम्युलेशनपेक्षा कमी पडतोय. नमुन्याचा वरचा थर, म्हणजे सुपरस्ट्रेट, काढा आणि फीडचा, म्हणजे अँटेनाला सिग्नल देणाऱ्या पिनचा, टाका भिंगाखाली बघा. शॉर्टिंग पिन आणि फीड पिन यांच्यावरचा सोल्डरचा थेंब पृष्ठभागापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी वर आलेला असतो. वरचा थर त्या थेंबावर टेकतो आणि एका कोपऱ्यात पाचरीसारखी फट राहते. सिम्युलेशनमध्ये ती नसते. फट कितीशी मोठी आहे यावर जाऊ नका: ५० मायक्रॉन हवा म्हणजे १०.२ कॉन्स्टंटच्या सिरॅमिकचा आणखी अर्धा मिलिमीटर थर घातल्यासारखा परिणाम. तोच गॅप ३ कॉन्स्टंटच्या गोंदाने भरला तर परिणाम १७० मायक्रॉनवर येतो, तरी तो शून्य नाही. म्हणून थेंब घासून सपाट करा, किंवा वरच्या थराला आतून पिनच्या जागी उथळ खळगा पाडा. आरओ३०१० पीटीएफईचा असल्यामुळे साध्या इपॉक्सीला दाद देत नाही. पृष्ठभागावर प्लाझ्मा किंवा सोडियम एचिंगची प्रक्रिया करून मग बाँडिंग फिल्मने दाबावं लागतं. गोंदाचा थर सिम्युलेशनमध्ये स्वतंत्र वस्तू म्हणून टाका आणि त्याची जाडी २०, ५०, १०० मायक्रॉन अशी बदलून पाहा. या तीन आकड्यांत रेझोनन्स जितका हलेल, तितका फरक कारखान्यातून येणाऱ्या दोन नगांत पडणार हे गृहीत धरा.

दुसरी जागा म्हणजे कडा. वरचा थर, तांबं आणि खालचा थर तिन्ही १० × १० ला एकाच रेषेत कापलेत का? तसं असेल तर तांब्याची धार बाजूने उघडी आहे आणि जेल तिला सरळ भिडतं. ४०३ मेगाहर्ट्झला कातडीची वाहकता ०.६९ आणि स्नायूंची ०.८० सीमेन्स प्रति मीटर असते. पट्टीच्या टोकाला, जिथे विद्युतक्षेत्र सर्वांत तीव्र असतं, तिथेच वाहक द्रव चिकटला तर अँटेनाचा जोर तिथल्या तिथे उष्णतेत जातो. तांब्याभोवती निदान ०.५ मिमी मोकळा सबस्ट्रेट सोडा आणि पट्टीचं मोकळं टोक कडेपासून आत वळवा. पॅरिलीन-सी चा १०-२० मायक्रॉनचा लेप डीसी आणि गंज यांच्यासाठी चांगला आहे, पण आरएफच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा. जवळच्या क्षेत्राला टिश्यूपासून लांब ठेवायचं तर जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. पीकचं झाकण अर्ध्यावरून १ मिमीचं केल्याने एकदोन डेसिबल मिळू शकतात, अर्थात खोक्याच्या उंचीत जागा असेल तर.

तिसरी जागा बॅटरी, आणि ही बहुतेक जण विसरतात. तुमच्या पिफाची ग्राउंड १० × १० मिमीची आहे. ७४४ मिमीच्या तरंगापुढे तिला ग्राउंड म्हणणं धाडसाचं. करंट तिथे थांबत नाही. बोर्डच्या ग्राउंडवरून, बॅटरीच्या डब्यावरून फिरतो. म्हणजे अँटेना ही १० × १० ची वस्तू नसून २४ मिमी लांबीचं सबंध उपकरण आहे. तुम्ही एकटा पिफा कातडीच्या घनात सिम्युलेट केलात, त्याला बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं. चाचणीत केबल हलवली की रेझोनन्स हलतो, तेही याच कारणाने: केबलचं बाहेरचं आवरण तुमच्या अपुऱ्या ग्राउंडचा विस्तार बनतं. उपकरणात केबल नसेल, तेव्हा हा विस्तारही नसेल.

आता ८ × ८ चं. क्यू त्रिज्येच्या घनाच्या उलट प्रमाणात वाढतो. १० चे ८ केले तर ०.८ चा घन ०.५१, म्हणजे सुमारे ३ डेसिबल दान केले. शिवाय तीच लांबी कमी जागेत कोंबायला पट्टी अरुंद होते, शेजारच्या दोन हातांमधले करंट एकमेकांना मारतात आणि ०.१५ मिमीच्या फटीत एचिंगची चूक टक्केवारीत मोठी होते. माझा सल्ला उलट आहे: पॅच सोडून द्या आणि खोक्याची सगळी लांबी-रुंदी वापरा. झाकणाच्या आतल्या कडेने २२ × १० मिमीचा एक वेढ्याचा लूप फिरवा, एका ठिकाणी फट ठेवून तिथे कपॅसिटर टाका आणि त्यानेच ४०३ ला ट्यून करा. लूपच्या जवळ चुंबकीय क्षेत्राचं वर्चस्व असतं आणि टिश्यू मुख्यतः विद्युतक्षेत्रातून पॉवर शोषतात, त्यामुळे उथळ इम्प्लांटमध्ये, पातळ इन्सुलेशन असतानाही, लूप बऱ्याचदा सरस ठरतो. त्याचं वैर बॅटरीशी आहे: धातूच्या डब्यात एडी करंट, म्हणजे पॉवर खाणारे भोवऱ्यासारखे करंट, उठतात. लूप आणि बॅटरी यांच्यात २ मिमी तरी राखा, नाहीतर बॅटरी खोक्याच्या एका टोकाला आणि लूप दुसऱ्या टोकाला न्या. यातलं काय बरं पडेल ते तुमच्या बॅटरीच्या व्यासावर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

खोकं पीकचं आहे म्हणून एवढं स्वातंत्र्य आहे. पण वर्षानुवर्षं शरीरात राहणाऱ्या उपकरणासाठी पीक आणि सिलिकोन हर्मेटिक नाहीत, पाण्याची वाफ हळूहळू आत शिरतेच. म्हणून पेसमेकरसारखी उपकरणं टायटॅनियमच्या डब्यात असतात, आणि टायटॅनियममधून ४०३ मेगाहर्ट्झ बाहेर येत नाही. तिथे अँटेना डब्याबाहेर, लीड जोडायच्या पॉलिमरच्या हेडरमध्ये जातो आणि सिरॅमिक फीडथ्रूच्या एका पिनने आत येतो. इतर पिनांवर ईएमआय फिल्टरचे, म्हणजे बाहेरचा रेडिओ गोंगाट अडवणारे, कपॅसिटर असतात, ते या पिनवर चालत नाहीत. टायटॅनियमवर जायचं की नाही हे आत्ताच ठरवा. नंतर ठरवलंत तर वरचं सगळं पुन्हा करावं लागेल. दोन्हीपैकी काहीही निवडा, अँटेना आणि चिप यांच्यामध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर हवाच. टिश्यूतून डीसी वाहिला तर धातू गंजतो आणि मांसालाही इजा होते. सर्जरीतल्या कॉटरीपासून आणि डिफिब्रिलेटरच्या झटक्यापासून चिप वाचवायला कमी कपॅसिटन्सचा संरक्षक डायोडही लावा आणि ते पिकोफॅरड मॅचिंगच्या हिशेबात धरा.

फ्रिक्वेन्सीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी विचारलं असतं. स्नायूंमध्ये ४०३ मेगाहर्ट्झचा ऱ्हास सेंटिमीटरला १.६५ डेसिबल, २.४५ गिगाहर्ट्झचा ३.९. एक सेंटिमीटर खोलीला फरक सव्वादोन डेसिबलचा, पाच सेंटिमीटरला अकराचा. खोल इम्प्लांटला ४०३ का, याचं उत्तर इथेच आहे. पण तुमचं उपकरण कातडीच्या जेमतेम खाली आहे. २.४५ ला तोच अँटेना तरंगलांबीच्या मानाने सहापट मोठा असतो आणि उणे १५ ते उणे २० गेन सहज देतो. २ मीटरचा पाथ लॉस मात्र ४६ डेसिबल, म्हणजे १५-१६ ने जास्त. दोन्ही बाजू मांडल्या तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. मग निवड इतर गोष्टींवर येते: ब्लूटूथ लो एनर्जी घेतलं तर मोबाइल थेट चालतो, पण वायफायच्या गर्दीत बोलावं लागतं आणि शरीराची सावली जास्त गडद पडते. ४०३ ला शांत बँड मिळतो, पण बाहेर वेगळा रिसीव्हर द्यावा लागतो. काही वैद्यकीय ट्रान्सीव्हर ४०३ वर डेटा आणि २.४५ वर फक्त जागं करण्याचा सिग्नल वापरतात, त्यामुळे झोपेतला करंट नॅनोअँपिअरमध्ये राहतो. त्यासाठी दोन्ही बँडांचा अँटेना लागतो आणि तो वेगळा व्याप.

एक सावधगिरी. परदेशी लेखांमधली ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झची डिझाइनं भारतात उचलू नका. तो आपल्याकडे लायसन्समुक्त बँड नाही, तिथे मोबाइल नेटवर्क आहे. ४०२-४०५ इम्प्लांटसाठी खुला आहे, २५ मायक्रोवॅट आणि ३०० किलोहर्ट्झच्या मर्यादेत.

सिम्युलेशनचा क्रम मी असा ठेवीन. प्रथम संपूर्ण उपकरण, बॅटरी-बोर्ड-झाकणासकट, १०० मिमीच्या कातडीच्या घनात: डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४६.७, वाहकता ०.६९. ढोबळ ट्यूनिंग इथेच उरकतं, एक रन मिनिटांत होतो. मग तीन थर: ४ मिमी कातडी, ४ मिमी चरबी, खाली स्नायू. चरबीचा कॉन्स्टंट जेमतेम ५.६ आणि वाहकता ०.०४, म्हणून अँटेनाची वरची बाजू चरबीला लागते की स्नायूला, यावर रेझोनन्स दहा-वीस मेगाहर्ट्झ इकडेतिकडे होतो. सर्जन ते ठरवणार, तुम्ही नाही. त्यामुळे चरबी २ ते २० मिमी आणि टिश्यूंचे आकडे अधिक-उणे २० टक्के बदलून सर्वांत वाईट स्थितीतही ४०२ ते ४०५ मध्ये एस११ उणे ६ च्या आत राहतो का ते पाहा. उणे ६ ला नुकसान सव्वा डेसिबल असतं, ते परवडतं. त्यानंतरच मानवी व्हॉक्सेल मॉडेल (बारीक घनांनी रचलेलं शरीर) घ्या, तेही गेन आणि पॅटर्नसाठी. रेडिएशन बाउंडरी, म्हणजे सिम्युलेशनच्या जागेची बाहेरची हद्द, शरीरापासून पाव तरंग, म्हणजे १८६ मिमी दूर ठेवा. जवळ ठेवलेली बाउंडरी उणे ३० च्या गेनमध्ये तीनचार डेसिबलचा घोळ करते आणि एस११ मात्र निरागस दिसतो. टिश्यूंचे सगळे आकडे गॅब्रिएल यांच्या टिश्यूंच्या विद्युत गुणधर्मांच्या १९९६ च्या मोजमापांतून घ्या, सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत 'मसल' लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका. तिथला आकडा कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते तपासा.

एसएआरवर, म्हणजे मांसात प्रति किलो किती पॉवर जिरते यावर, वेळ घालवू नका. चिप अर्धा मिलीवॅट देते. तो सगळाच्या सगळा एका ग्रॅम मांसात जिरला तरी ०.५ वॅट प्रति किलो होतो आणि मर्यादा १.६ ची आहे. वायरलेस चार्जिंग जोडलंत तर मात्र हा विषय गंभीरपणे काढा.

आता जेल. ४०२ मेगाहर्ट्झला कातडीसारखं द्रावण म्हणजे वजनाने ५६.२ टक्के साखर, २.३ टक्के मीठ, ४१.५ टक्के डीआयनाइज्ड पाणी. घट्ट करायला १०० मिलिलिटरला १ ग्रॅम अ‍ॅगरोज. पाणी आणि मीठ आधी, मग गरम करत साखर, शेवटी अ‍ॅगरोज. भांड्यावर झाकण ठेवा, कारण पाक उकळताना पाणी उडतं आणि कॉन्स्टंट खाली घसरतो. पात्राचं वजन आधी आणि नंतर करा, जितकं पाणी उडालं तितकं परत घाला. ओतताना अँटेनाच्या पृष्ठभागावर बुडबुडे अडकतात, तेही वर सांगितलेल्या फटीसारखेच वागतात, म्हणून जेल कोमट असताना उपकरण तिरकं सरकवून बुडवा. मिठाच्या द्रावणाची वाहकता अंशाला साधारण २ टक्क्यांनी बदलते, त्यामुळे मोजताना तापमान लिहून ठेवा. आणि दर वेळी ओपन-एंडेड कोअ‍ॅक्स प्रोबने ४०३ ला जेलचेच आकडे घ्या. कृती बरोबर पण जेल चुकीचं, हे सर्रास होतं. सलाइनमध्ये बुडवून आरएफ मोजू नका, त्याची वाहकता स्नायूंच्या दुप्पट असते. सलाइन ३७ अंशांना ठेवायचं ते आठवडेच्या आठवडे भिजवून रेझोनन्स किती सरकतो हे बघायला. तो खाली सरकत राहिला तर ओल आत शिरते आहे.

केबलवर एस११ मोजायचाच असेल तर अँटेनापाशीच, जेलमधून बाहेर पडल्याबरोबर, ६१ मटेरियलचे (हा फेराइटचा एक प्रकार) फेराइट मणी चारपाच घाला. ४३ मटेरियलचे मणी ३०० मेगाहर्ट्झच्या वर दमतात. मणी घातल्यावर केबलवरून हात फिरवून बघा, आलेख हलला तर मापावर विश्वास ठेवू नका. गेन मात्र केबलने मोजूच नका. चिपला अखंड कॅरियर पाठवायला लावा, बॅटरीवर खोकं बंद करा, जेलमध्ये ठेवा आणि ३ मीटरवर ओळखीच्या गेनचा अँटेना लावून बाहेर किती येतं ते पाहा. अमेरिकी नियमांतला टॉर्सो सिम्युलेटर माहीत असू द्या: ३० सेंमी व्यासाचा, ७६ सेंमी उंच अ‍ॅक्रिलिकचा नळकांडा, भिंत ६.३५ मिमी, आत टिश्यू द्रव, उपकरण भिंतीपासून ६ सेंमी आत. तुमच्या कातडीखालच्या उपकरणाला ६ सेंमी म्हणजे फार वाईट स्थिती आहे, तिथला आकडा बघून घाबरू नका. पण पुढे सर्टिफिकेशनला लॅब हीच मांडणी मागू शकते.

करायचा क्रम म्हणून: या आठवड्यात डोंगलऐवजी पाव-तरंग अँटेना लावा, रिसीव्हर लॅपटॉपपासून तोडा आणि आहे त्याच इम्प्लांटने रेंज परत मोजा. माझा अंदाज, ती सव्वा मीटरच्या पुढे जाईल. मग सुपरस्ट्रेट काढून टाक्याचा थेंब आणि कडा दुरुस्त करा. त्याच सुमारास डेटा रेट पाहून घ्या. तापमानाच्या उपकरणाला शेकडो किलोबिटची गरज नाही. चिप परवानगी देत असेल तर रेट एक चतुर्थांश करा, सेन्सिटिव्हिटी सुमारे ६ डेसिबलने सुधारते. पाठवायला वेळ चौपट लागतो, पण दिवसातून काही वेळा काही बाइट पाठवायच्या उपकरणाच्या बॅटरीला ते कळणारही नाही. एवढं करून २ मीटर गाठलेत तर नवा अँटेना काढायची घाई नको. नाही गाठले तर लूपकडे वळा, आणि तेव्हा बॅटरीचा व्यास, जाडी आणि बोर्डवर ती नेमकी कुठे आहे ते कळवा. फीड आणि कपॅसिटर कुठे ठेवायचा ते त्यावर ठरेल.